रेटिंग देणाऱ्यांचंही एकदा ट्रेनिंग घ्या : एचआर आणि मॅनेजमेंटला खुलं पत्र

समस्त एचआरवाले, ट्रेनिंग डिपार्टमेंटवाले आणि ज्यांच्या सहीशिवाय रेटिंग फायनल होत नाही असे सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

अप्रायझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाला मार्क देण्याचा सीझन आला की तुमचा मेल येतो, पोर्टल ओपन झालंय, अमुक तारखेच्या आत सगळ्या मॅनेजर्सनी रेटिंग सबमिट करावीत. सोबत चाळीस स्लाइडचं पीपीटी आणि एक तासाचं ऑनलाइन सेशन, ज्यात लॉगिन कसं करायचं, ड्रॉपडाऊन कुठे आहे, कमेंटमध्ये कमीत कमी किती अक्षरं लागतात नाहीतर फॉर्म पुढे सरकत नाही, हे सगळं अगदी मन लावून सांगतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत, अर्धे लोक लॉगआऊट झाल्यावर, "आणि हो, सगळ्यांनी प्लीज फेअर राहा". हे सेशन मी आत्तापर्यंत सात वेळा केलंय. ड्रॉपडाऊन कुठे आहे ते झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण १ ते ५ च्या रेटिंगमध्ये ३ आणि ४ मध्ये फरक काय, हे सात वेळांत एकदाही कुणी सांगितलं नाही.

तक्रार एवढीच आहे खरं तर. बाकीचं पत्र म्हणजे त्याचा विस्तार.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे मग तुम्हाला बोलायचा मला हक्क राहील. मॅनेजर झालो त्या पहिल्या वर्षी माझ्या टीममध्ये नऊ जण होते, सपोर्टचं काम, दिवसभर तिकिटं, म्हणजे कस्टमरच्या तक्रारी येतात त्या सोडवायच्या. रेटिंगची शेवटची तारीख, रात्रीचे अकरा, आणि माझे नऊच्या नऊ फॉर्म कोरे. दोन तासांत उरकले. सात जणांना ३, दोघांना ४. कमेंटमध्ये "मेहनती आहे, टीमबरोबर जुळवून घेतो, कम्युनिकेशन सुधारायला वाव आहे" हे एकदा टाइप केलं आणि पुढे कॉपी पेस्ट, फक्त घेतो चं घेते करायचं लक्षात ठेवलं, आणि एका ठिकाणी तेही राहिलं. टीममधली एक जण मीटिंगमध्ये फारसं बोलायची नाही, तिच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं, "इनिशिएटिव्ह कमी पडतो".

आठवड्याभराने ती वन ऑन वनला आली. चिडली नव्हती, आवाजही चढला नव्हता. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. शेअर्ड फोल्डरमध्ये एकतीस फाइल्स होत्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रॉब्लेम्सच्या स्टेप बाय स्टेप नोट्स, स्क्रीनशॉट लावून, आणि प्रत्येक फाइल बनवणाऱ्याच्या जागी तिचं नाव. ज्या पोराला मी "फास्ट आहे, स्मार्ट आहे" म्हणून ४ दिला होता तो रोज ह्याच नोट्स उघडून तिकिटं बंद करत होता. मग तिने विचारलं, "सर, इनिशिएटिव्ह म्हणजे मी नक्की काय करायला हवं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण इनिशिएटिव्ह म्हणजे काय ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता, फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून भरला होता. मीटिंगमध्ये जो जास्त बोलतो त्याला इनिशिएटिव्ह जास्त असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं बहुतेक. आणि तोपर्यंत पोर्टल लॉक झालं होतं, एचआरला मेल टाकला तर उत्तर आलं की आता बदल पुढच्या सायकलला.

आता तुम्ही म्हणाल हा तुमचा पर्सनल हलगर्जीपणा, त्यात आम्ही काय करणार. हलगर्जीपणा होताच, कबूल. पण तेवढंच असतं तर हे पत्र लिहायचं कारण नव्हतं. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले मार्क तपासले होते, शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे. निघालं काय, तर हे मार्क एकमेकांना चिकटलेले, ज्याची शरीरयष्टी दमदार त्याची बुद्धीही दमदार आणि नेतृत्व तर विचारूच नका. माणसाची एक गोष्ट डोळ्यांत भरली की बाकीचे रकाने आपण त्याच शाईने भरतो. ह्याला त्याने हेलो (halo, म्हणजे डोक्यामागचं तेजोवलय) नाव दिलं, तेच नाव तुमच्या पीपीटीत स्लाइड नंबर सव्वीसवर आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत असलेला आजार आहे हा, आणि औषध म्हणून आपण "प्लीज फेअर राहा" देतोय.

अजून एक गोष्ट, जी वाचल्यापासून माझी झोपच उडाली. २००० साली एक संशोधन छापून आलं, साडेचार हजारांच्या आसपास मॅनेजर लोक, प्रत्येकाला दोन बॉस, दोन बरोबरीचे आणि दोन हाताखालचे अशा सगळ्यांनी रेटिंग दिलेलं. मग मार्कांमधला फरक कशामुळे पडतो ते वेगळं काढून बघितलं. तर निम्म्याहून जास्त फरक हा मार्क देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीमुळे होता, कुणाचा हात सैल, कुणाचा आखडता, कुणाला हे महत्त्वाचं वाटतं, कुणाला ते. म्हणजे एखाद्याच्या फॉर्मवर ४ दिसतो तेव्हा त्याच्याबद्दल जेवढं कळतं त्यापेक्षा जास्त त्याच्या मॅनेजरबद्दल कळतं, आणि त्या आकड्यावर आपण माणसाची पगारवाढ, प्रमोशन, कधीकधी तर नोकरीसुद्धा ठरवतो.

हो, तुम्ही बायसचं ट्रेनिंग घेता, माहितीये. हेलो, रिसेन्सी म्हणजे नुकतंच घडलेलं तेवढंच लक्षात राहतं ते, आपल्यासारखा वाटतो म्हणून आवडतो ते, सगळ्यांना मधलेच मार्क देणं ते. शेवटी क्विझ, दहापैकी आठ आले की सर्टिफिकेट. मी नववं सर्टिफिकेट घेतलंय. प्रॉब्लेम असा आहे की चुकांची नावं पाठ झाली म्हणून माणूस बरोबर बघायला लागत नाही. १९८० मधल्या एका अभ्यासात तर हे उलटंच दिसलं होतं, ज्यांना "ह्या ह्या चुका टाळा" असं शिकवलं त्यांचे मार्क कमी सढळ झाले, पण अचूकपणाही कमी झाला. वाचून हसू आलं कारण आमच्याकडे अगदी डोळ्यांसमोर झालेलं. बायसच्या सेशननंतर एका मॅनेजरने स्वतःचे सगळे ४ खाली आणून ३ केले. का, तर "मी लिनियंट वाटायला नको". कुणाचं काम पुन्हा बघितलं का? नाही. रोगी तसाच, फक्त थर्मामीटर हलवला.

मग काय करायचं? ह्यावर उपाय सापडलेला आहे आणि तोही जुनाच आहे, १९८१ च्या सुमारास मांडला गेला, इंग्रजीत त्याला फ्रेम ऑफ रेफरन्स ट्रेनिंग म्हणतात. १९९४ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा रेटिंग अचूक होण्यासाठी हाच प्रकार सगळ्यात जास्त उपयोगी ठरला. नाव जड आहे, काम सोपं. सगळ्या मॅनेजर्सना कामाचा एकच नमुना दाखवायचा, प्रत्येकाने आपापले मार्क वेगवेगळे लिहायचे, मग चिठ्ठ्या उघडायच्या आणि का दिले ते सांगायचं. जाणकार माणसाने नेमकं काय बघायला हवं होतं ते समजावायचं. मग दुसरा नमुना, पुन्हा तेच. परीक्षेचे मॉडरेटर वर्षानुवर्षं असंच काहीतरी करतात, मॅनेजरलाच काय ते देवाने दिव्यदृष्टी दिलीय असं आपण धरून चाललोय.

त्या एकतीस फाइल्सच्या प्रकरणानंतर दोन वर्षांनी आम्ही सहा मॅनेजर्सनी हे स्वतःच करून बघितलं, कुणाची परमिशन वगैरे न घेता, एका रिकाम्या मीटिंग रूममध्ये. सपोर्ट कॉलचं बारा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग, नाव काढून टाकलेलं. स्किल एकच, "प्रॉब्लेम समजून घेणं". मार्क १ ते ५. सगळ्यांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला, उलट्या ठेवल्या, एकदम उघडल्या.

२, ३, ३, ४, ४, ५.

क्षणभर कुणी बोललं नाही, मग सगळेच हसायला लागलो. हसण्यासारखं काही नव्हतं खरं तर, ह्याच सहा जणांनी महिन्याभरापूर्वी साठेक लोकांचं वर्षाचं भवितव्य ठरवून ठेवलं होतं. ५ देणारा म्हणाला, "अहो कस्टमर किती तापला होता सुरुवातीला, शेवटी थँक्यू म्हणून फोन ठेवला की". २ देणारी म्हणाली, "थँक्यू म्हणाला ते ठीक आहे, पण एरर नंबर काय आला हे ह्याने सातव्या मिनिटाला विचारलं, तोपर्यंत दोनदा रिस्टार्ट करायला लावलं". दोघांचंही खरं होतं. एक जण गोड बोलण्याचे मार्क देत होता, दुसरी निदानाचे, आणि रकान्यावर नाव एकच. त्या एका कॉलवर आमचा दीड तास गेला. एकमेकांवर चिडलोसुद्धा थोडे.

पण त्या दीड तासाच्या शेवटी फळ्यावर जे लिहिलं गेलं ते तुमच्या चाळीस स्लाइडमध्ये मला कधी सापडलं नाही. ३ म्हणजे काय, तर उपाय सांगण्याआधी कधीपासून होतंय आणि स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय हे विचारतो. ४ म्हणजे, ते तर विचारतोच, शिवाय कस्टमरने जे सांगितलं ते आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घेतो. ५ म्हणजे, कस्टमर ज्याला प्रॉब्लेम म्हणतोय त्याच्यामागचा खरा प्रॉब्लेम ओळखतो आणि तो परत येऊ नये म्हणून काय करायचं तेही सांगतो. २ म्हणजे, काही न विचारता पाठ केलेले उपाय एकामागून एक करायला लावतो. बघा, ह्यात "चांगला", "उत्तम", "समाधानकारक" असा एकही शब्द नाही. फक्त माणूस काय करतो ते. ही पद्धतसुद्धा १९६३ पासूनची आहे, आकड्यासमोर विशेषणाऐवजी प्रत्यक्ष वागण्याचं उदाहरण लिहायचं, आणि ते जे लोक ते काम करतात त्यांच्याकडूनच घ्यायचं, बाहेरून विकत आणलेल्या टेम्प्लेटमधून नाही.

दुसऱ्या कॉलला चिठ्ठ्या उघडल्या, ३, ३, ३, ४, ३, ४. त्यातला एक ४ माझा. तिसऱ्या कॉललाही माझा एक जास्त. तेव्हा कळलं की माझा हात सैल आहे, तोवर हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तिथे पाऊण मिनिटात कळलं. आणि तिसऱ्याच कॉलला एक गंमतही झाली, नाव काढलं होतं तरी एकाने आवाजावरून आपला माणूस ओळखला आणि सरळ ५ दिला, माझा सोडून बाकी सगळ्यांचे ३. आपला तो बाब्या! त्याला आम्ही दिवसभर चिडवलं, पण पुढच्या वेळेपासून रेकॉर्डिंगऐवजी टाइप केलेला संवाद वापरायला लागलो. तुम्ही करणार असाल तर पहिल्यापासूनच तसं करा.

आता नोंदींबद्दल, कारण नमुन्यावर कितीही सराव केला तरी शेवटी मॅनेजरला बारा महिन्यांचं काम आठवावं लागतं आणि कुणालाच ते आठवत नाही. आठवतो तो शेवटचा दीड महिना आणि वर्षभरातला एखादा राडा. फेब्रुवारीत सर्व्हर पडला तेव्हा रात्रभर जागलेला माणूस डिसेंबरपर्यंत विस्मरणात गेलेला असतो, आणि नोव्हेंबरमध्ये एक मेल चुकीच्या माणसाला पाठवणारा मात्र लख्ख आठवतो. मी आता वही ठेवतो. प्रत्येक माणसामागे महिन्यातून दोन नोंदी, जास्त नाही. पण नोंद कशी लिहायची हेही शिकवावं लागतं हो, मला नव्हतं येत. माझ्या जुन्या वहीत आहे, "आज मीटिंगमध्ये खूप निगेटिव्ह वाटला". ह्याला काय अर्थ आहे? सहा महिन्यांनी वाचल्यावर मलाच कळेना काय झालं होतं. आताची नोंद अशी असते, "१४ तारीख, नवीन रिलीज शुक्रवारी नको म्हणाला, कारण दिलं की शनिवारी टेस्टिंगला माणूस नाही, तरी आपण केलं, शनिवारी दोन तास सिस्टिम बंद". तोच माणूस, तीच मीटिंग. पहिल्या नोंदीने त्याचा मार्क गेला असता.

आणि फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा, मी पाया पडतो. "बघायला मिळालं नाही" असा. सध्या प्रत्येक स्किलला आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. ज्याला वर्षभरात एकदाही क्लायंटसमोर उभं केलं नाही त्याच्या "क्लायंट हँडलिंग"ला मी काय देऊ? लोक काय करतात सांगतो, गुपचूप २ किंवा ३ टाकतात. पुढच्या वर्षी क्लायंटसमोर कोणाला पाठवायचं ठरतं तेव्हा तोच २ बघून त्याला वगळतात. झालं, आयुष्यभरासाठी शिक्का. संधी दिली नाही हा दोष आमचा आणि मार्क कापले त्याचे. तो रकाना असेल तर निदान मॅनेजरला तरी दिसेल की ह्या माणसाला आपण काहीच करायला दिलेलं नाही.

बेल कर्व्हबद्दल, म्हणजे किती टक्के लोकांना कुठला आकडा द्यायचा हे आधीच ठरवून टाकण्याबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र संपणं शक्य नाही, पण थोडक्यात बोलतो कारण बीपी वाढतं. जॅक वेल्च जनरल इलेक्ट्रिक ह्या अमेरिकन कंपनीचे प्रमुख होते त्या काळात तिथे वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १० अशी वाटणी फेमस झाली आणि जगभर लोकांनी उचलली. मायक्रोसॉफ्टने तर अशी सक्तीची वाटणी २०१३ मध्ये बंदही करून टाकली. आपल्याकडे वरून सांगितलं जात नाही की सक्ती आहे, फक्त एक्सेल शीट येते आणि तिच्यात सेल लाल होतात. मग सगळ्या मॅनेजर्सचे आकडे एकत्र ठेवून जुळवायची जी "कॅलिब्रेशन मीटिंग" होते ती निव्वळ सौदेबाजी असते, तुझा एक ४ मला दे, पुढच्या वर्षी तुला बघतो. ज्याचा आवाज मोठा त्याची टीम हुशार! कॅलिब्रेशन करा ना, जरूर करा, पण त्यात आधी पुरावा आणि मग आकडा असा क्रम ठेवा, सगळ्यात नवीन मॅनेजरला पहिल्यांदा बोलू द्या कारण डायरेक्टर बोलल्यावर बाकीचे नुसती मान हलवतात, आणि एकाच्या माणसाला जो प्रश्न विचारला तोच दुसऱ्याच्या माणसालाही विचारा. मॅनेजरला नीट बघायला शिकवून शेवटी आकडा शीटनेच ठरवायचा असेल तर ट्रेनिंगचे पैसे वाचवा, आम्हालाही कामं आहेत.

तुमच्यापैकी कुणीतरी आता म्हणेल, आमच्याकडे कन्सिस्टन्सी चांगली आहे, आम्ही चेक केलंय, दोन मॅनेजर्सचे आकडे बऱ्यापैकी जुळतात. जुळणारच हो! दोन्ही मॅनेजर ८० टक्के लोकांना ३ देत असतील तर दोघांनी डोळे मिटून आकडे टाकले तरी ६४ टक्के वेळा दोघांचाही ३ च येणार, साधा गुणाकार आहे. म्हणूनच १९६० मध्ये जेकब कोहेन यांनी नशिबाने जुळणारा भाग वजा करून उरलेला मोजायची पद्धत दिली, कप्पा (kappa) म्हणतात तिला, तुमच्या डेटा टीममधल्या कुठल्याही पोराला विचारा, अर्ध्या तासात काढून देईल. दरवर्षी थोड्या लोकांचं काम, दहातलं एक धरा, दोन मॅनेजर्सना वेगवेगळं तपासायला द्या आणि हा आकडा काढा.

आणि तो आकडा छान आला म्हणूनही लगेच केक कापू नका. सहाच्या सहा मॅनेजर एकसारखे चुकू शकतात. कमी बोलणाऱ्यात लीडरशिप नसते असं सहाही जणांच्या डोक्यात असेल तर चिठ्ठ्या अगदी सुंदर जुळतील. त्यामुळे रात्रपाळीवाले, घरून काम करणारे, मोठ्या रजेवरून परत आलेले, ह्यांचे मार्क एकत्र काढून बाकीच्यांशी लावून बघा. फरक दिसला म्हणजे लगेच अन्याय झाला असं नाही, पण निदान विचारा तरी की का दिसतोय.

मार्क सांगायचे कसे हा अजून एक मोठा विषय, त्यात आत्ता शिरत नाही. एवढंच, की १९९६ च्या एका मोठ्या आढाव्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर काम सुधारायच्या ऐवजी बिघडलेलं दिसलं, खास करून बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की. "तुझ्यात इनिशिएटिव्ह कमी आहे" हे वाक्य कशावर जातं ते तुम्हीच बघा.

तुम्हाला वाटेल, एवढा वेळ आणायचा कुठून. वर्षातून दोनदा अर्धा दिवस, बस. ऑनलाइन व्हिडिओ चालणार नाही, कारण व्हिडिओ म्यूट करून लोक मेल्स बघतात, मीही बघतो. ह्यात मॅनेजरचे मॅनेजरही बसले पाहिजेत आणि त्यांनीही चिठ्ठी लिहिली पाहिजे, "मी फक्त ऑब्झर्व्ह करतो" चालणार नाही. आणि मॅनेजरच्या स्वतःच्या अप्रायझलमध्ये त्याने दिलेल्या रेटिंगचा दर्जा हा एक मुद्दा असू द्या, नोंदी आहेत का, उदाहरणं आहेत का, नऊ जणांच्या कमेंट कॉपी पेस्ट आहेत का. आमची डेडलाइन चुकली की तुम्ही तीन रिमाइंडर पाठवता, कमेंट वाचून एकदा तरी कुणाला फोन केलाय का? माझ्या त्या पहिल्या वर्षी एका बाईच्या फॉर्ममध्ये "घेतो" राहून गेलं होतं. ते माझ्याशिवाय अजून कुणालाही दिसलेलं नाही.

पुढचं पोर्टल उघडायला अजून वेळ आहे. तीन कॉल मी टाइप करून, नावं काढून तयार ठेवलेत, चिठ्ठ्याही आहेत. मागची मीटिंग रूम मंगळवारी दुपारी रिकामी असते, बुक करून ठेवतो. तुमच्यातले कोण कोण येणार तेवढं कळवा.

आपला,
सात वर्षं रेटिंग भरत आलेला, हात सैल असलेला एक मॅनेजर